पाळीव जलवासी उभयचरांचे रोग

जलवासी उभयचरांचे रोग, पाळीव : घरातील काचेच्या टाकीत किंवा जलजीवालयात ठेवलेल्या व सर्व आयुष्य पाण्यातच काढणाऱ्या उभयचर प्राण्यांचे आजार. अशा प्राण्यांत मेक्सिकोतील ॲक्झोलॉटल, दक्षिण आफ्रिकेतील नखी बेडूक (झेनोपस) व मध्य आफ्रिकेतील खुजा बेडूक (हायमेनोकायरस) हे प्रमुख असून ते शोभेच्या माशांबरोबरच विकले जातात. पावसाळ्यात मुले बाटलीत आणून ठेवतात ते बेडूकमासे म्हणजे भैकेर (बेडकाचे डिंभ) यांनाही पुढील विवेचनाचा बराचसा भाग लागू पडतो [⟶ उभयचर वर्ग, बेडूक]. महाराष्ट्रात सॅलॅमँडर निसर्गतः आढळत नाहीत; भारतात त्यांचे वास्तव्य पूर्व हिमालय व ईशान्येकडील डोंगराळ भाग यांपुरतेच आहे. ॲक्झोलॉटल हा सॅलॅमँडरच होय. मात्र तो प्रौढ झाला, तरी त्याचे बाह्य कल्ले व पोहण्याची शेपटी कायम राहते. या अवस्थेस चिरडिंभता म्हणतात. पॅरिस येथे १८६४ मध्ये मेक्सिकोहून आणलेल्या थोड्या प्राण्यांपासून यूरोपातील प्रयोगशाळांत याची वंशपरंपरा सुरू झाली. त्याच्या मूळ स्थानी, मेक्सिको शहराजवळील सोचिमिल्कोच्या कालव्यांत, तो आता अतिशय दुर्मिळ झाला आहे.

या प्राण्यांच्या आजारांचे मर्म त्यांच्या त्वचेत आहे. मासा खवल्यांनी, तर सरडा कोरड्या शल्कांनी झाकलेला असतो. उभयचरांची त्वचा मात्र उघडी, पातळ व ओलसर असून तिच्यातून पाणी, ऑक्सिजन व लवणे यांची सतत ये-जा चालू असते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषतो. गोड्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या शरीरातील द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक खारट असल्याने तर्षणामुळे (पातळ पडद्यातून द्रव आरपार जाण्याच्या क्रियेमुळे) पाणी एकसारखे आत शिरते आणि मूत्रपिंडांना ते अहोरात्र बाहेर टाकावे लागते. टाकीतील पाणी हे अशा रीतीने प्राण्याचे केवळ राहण्याचे ठिकाण नसून त्याच्या रक्ताभिसरणाचा जणू बाहेरचा भाग असते. म्हणून प्राणी आजारी दिसला की औषध शोधण्यापूर्वी पाणी तपासावे. बहुतेक आजारांचे कारण तेथेच सापडते आणि जे सापडत नाहीत तेही पाणी सुधारल्यावाचून बरे होत नाहीत.

पाण्यातील दोष : प्राण्याच्या उत्सर्गातून व कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो. टाकीतील वाळू व गाळणी यांवर वाढणारे सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. ही व्यवस्था नव्या टाकीत बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. टाकी विकत घेऊन त्याच संध्याकाळी तीत प्राणी सोडणे हे पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण होय. अमोनिया किती विषारी ठरेल, हे पीएच मूल्यावर (पाण्याच्या अम्लता वा अल्कता दर्शविणाऱ्या अंकावर) अवलंबून असते. २५° से. तापमानाच्या पाण्याचे पीएच मूल्य ७ असल्यास एकूण अमोनियाचा सु. ०·६ टक्के भागच विषारी स्वरूपात असतो. ते ८ असल्यास हा भाग ५ टक्क्यांवर जातो आणि ९ असल्यास एक-तृतीयांशाहून अधिक होतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील बेसाल्ट खडकात खोदलेल्या विहिरी व विंधन विहिरी यांचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पाण्याची कठीणता ॲक्झोलॉटलला बाधक नाही. उलट अतिमृदू पाण्यापेक्षा काहीसे कठीण पाणी त्याला मानवते. परंतु कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात खतांमुळे नायट्रेट व क्षार यांचे प्रमाण पुष्कळदा अधिक असते व असे मचूळ पाणी टाकीस योग्य नव्हे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ले व त्वचा भाजून काढतो. पावसाळ्याच्या तोंडी नदीचे पाणी गढूळ होते तेव्हा तुरटी व क्लोरीन या दोहोंचीही मात्रा वाढवली जाते, आणि खेड्यांतून ‘टीसीएल पावडर’ या नावाने ओळखले जाणारे विरंजक चूर्ण विहिरीत किंवा टाकीत अंदाजाने टाकण्याचा प्रघात आहे. त्यामुळे मे महिन्यात निर्धोक असलेले पाणी जूनमध्ये घातक ठरू शकते. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात उघडे २४ तास ठेवल्यास मुक्त क्लोरीन निघून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटाचे (छायाचित्रणातील ‘हायपो’चे) काही खडे पुरतात. साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आरोग्य कर्मचारी पिंपात टेमेफॉस हे कीटकनाशक (‘अबेट’) घालतात. माणसांच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण असे पाणी टाकीत ओतू नये. डास मारण्याची फवारणी, उदबत्तीसारख्या जळणाऱ्या कांड्या, साबण व हातांना लावलेली मलमे यांचा अंशही या त्वचेला पुरेसा होतो.

तापमान : ॲक्झोलॉटल मेक्सिकोतील सु. २,२०० मी. उंचीवरचा प्राणी असून त्याला १६° ते १८° से. तापमान मानवते. पाणी २२° ते २४° से.च्या वर गेले की त्याची भूक मंदावते, शरीराची ऑक्सिजनाची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पाण्यातील ऑक्सिजन घटतो. समुद्रसपाटीवरील एक लि. पाण्यात २०° से. तापमानास सु. ९·१ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, तर ३०° से. तापमानास ७·६ मिग्रॅ.च. सांगली–मिरज भागात एप्रिल–मेमध्ये दुपारचे तापमान ३८° ते ४०° से.पर्यंत जाते, व वीज गेली की हवेचा पंपही बंद पडतो. थंडावा देण्याची साधने नसताना तेथे ॲक्झोलॉटल पाळणे हे त्या प्राण्यावर अन्यायकारकच म्हटले पाहिजे. आफ्रिकी खुजा बेडूक सु. २५° से. पाण्यात राहतो, हौस भागवायची असल्यास पठारी भागात तो अधिक योग्य.

उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने २° ते ४° से. उतार मिळतो. तत्त्व माठाचेच आहे आणि त्याची मर्यादाही तीच : हवा कोरडी असते तोवर ते चालते, पावसाळी दमट हवेत चालत नाही. पाण्याची गोठवलेली बंद बाटली टाकीत ठेवता येते, परंतु तापमान एकदम खाली आणू नये. चढापेक्षा झटका अधिक बाधतो.

लक्षणे : उभयचर प्राणी ओरडत नाही, लंगडत नाही. आजाराचे पहिले लक्षण बहुधा अन्न नाकारणे हेच असते. ज्याला एरवी गांडूळ दाखवताच झडप घालण्याची सवय आहे त्याने दोन वेळा तोंड फिरवले, तर पाण्याची तपासणी करावी. ॲक्झोलॉटलचे कल्ले निरोगी स्थितीत पिसांसारखे भरघोस असून मागे झुकलेले असतात. पाणी स्थिर असताना ते पुढे वळलेले दिसणे, शेपटीचे टोक आकड्यासारखे वळणे, पृष्ठभागाकडे वारंवार धाव घेणे किंवा टाकीत सैरभैर आपटत फिरणे ही त्रासाची चिन्हे होत. कल्ल्यांची पिसे झडून दांडेच राहणे हे दीर्घकाळ दूषित पाण्यात राहिल्याचे लक्षण आहे. फिकट पडलेले कल्ले नेहमीच रोगाचे नसतात. विश्रांतीतही ते फिके दिसतात. बेडकात पाय पसरून निश्चल तरंगणे, पालथे केल्यावर सरळ होण्यास विलंब लागणे आणि त्वचेचे तुकडे सतत सुटत राहणे यांची दखल घ्यावी. प्राण्याचे आठवड्यातून एकदा वजन करून तारीखवार लिहून ठेवणे हा एक साधा परंतु फार उपयोगी उपाय आहे. पाणी भरलेल्या भांड्याचे वजन आधी करून मग त्यात प्राणी सोडला म्हणजे त्याला हाताळावे लागत नाही.

आजार नसताना आजार समजण्याची चूकही वारंवार होते. हे प्राणी ठरावीक काळाने कात टाकतात व बेडूक ती गिळतो. ॲक्झोलॉटल मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, कारण त्याला फुप्फुसेही असतात. प्रौढ नराच्या अवस्करापाशी (उत्सर्जन व जनन यांच्या सामाईक द्वारापाशी) दिसणारा फुगवटा गाठ नसून नरत्वाची खूण असते. अंड्यांनी भरलेल्या मादीचे पोट तर पुष्कळदा जलोदर समजून औषधांनी छळले जाते. सोबत्याने तोडलेल्या पायास पट्टी बांधण्याचे कारण नाही : स्वच्छ, थंड पाण्यात तो काही आठवड्यांत पुन्हा फुटू लागतो.

प्रमुख रोग : ‘लाल पाय’ हा सर्वांत जुना ज्ञात रोग. इटालियन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ सानारेल्ली यांनी १८९१ मध्ये प्रयोगशाळेतील बेडकांपासून याचा जंतू वेगळा केला. तो आता एरोमोनास हायड्रोफिला या नावाने ओळखला जातो. मांड्यांच्या व पोटाच्या आतील बाजूस लाल ठिपके व चट्टे पडतात, प्राणी मलूल होतो आणि रक्तात जंतू पसरून काही दिवसांत मरतो. महाविद्यालयांच्या प्राणिविज्ञान विभागांत विच्छेदनासाठी आणलेले बेडूक सिमेंटच्या हौदात दाटीने ठेवले जात, त्या काळातील शिक्षकांना व प्रयोगशाळा परिचरांना हा रोग नावाने नसला तरी दर्शनाने परिचित होता. (विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण स्वीकारले.) वरील जंतू जवळजवळ प्रत्येक गोड्या पाण्यात असतो. निरोगी प्राण्यास तो काही करीत नाही; दाटी, उष्णता व घाण यांनी प्रतिकारशक्ती खालावली की उठाव करतो. लालसर त्वचा रानाव्हायरसामुळे व इतर जंतूंमुळेही होते, म्हणून केवळ रंगावरून निदान करू नये.

जखमेवर किंवा कल्ल्यावर कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी वाढ दिसते ती सॅप्रोलेग्निया या कवकसदृश सजीवाची. ती आधीच मेलेल्या ऊतकावर (समान रचनेच्या पेशींच्या समूहावर) बसते, त्यामुळे मूळ जखमेचे कारण दूर करणे महत्त्वाचे. सर्वांग फुगणे हे मूत्रपिंडे, यकृत किंवा लसीका हृदये (शरीरद्रव रक्तात परत ढकलणारी छोटी स्पंदनशील इंद्रिये) निकामी होत असल्याचे लक्षण असून बहुधा गंभीर असते. टाकीत घातलेले खडे अन्नाबरोबर गिळले गेल्याने आतडे तुंबते. प्राण्याच्या डोक्याहून लहान खडे टाकीत ठेवू नयेत, तळ मोकळा किंवा अगदी बारीक वाळूचा असावा.

कायट्रिड कवकरोग : या रोगाने उभयचरांच्या आजारांचा प्रश्न टाकीबाहेर नेला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या एका निळ्या विषारी बेडकापासून वेगळ्या केलेल्या कवकाचे १९९९ मध्ये बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस असे नामकरण झाले. त्याची चल बीजुके पाण्यात पोहून त्वचेतील केराटीनयुक्त थरात शिरतात. कवक प्राण्याला आतून खात नाही. ते त्वचेतून होणारी लवणांची ने-आण बंद पाडते. ऑस्ट्रेलियातील हिरव्या वृक्षबेडकांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रोगी प्राण्यांच्या रक्तद्रवातील सोडियम सु. २० टक्क्यांनी व पोटॅशियम सु. ५० टक्क्यांनी घटल्याचे आणि अखेर हृदय बंद पडल्याचे आढळले. वर त्वचेसंबंधी जे म्हटले आहे त्याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही. सॅलॅमँडरांना मारणारी याच प्रजातीतील दुसरी जाती २०१३ मध्ये नेदर्लंड्समधून वर्णिली गेली. दोहोंचाही उगम आशियात झाला असावा व प्राण्यांच्या व्यापाराने त्या जगभर पोहोचल्या, असे आता मानले जाते.

सह्याद्रीशी या रोगाचा संबंध थेट आहे. महाबळेश्वर येथील नमुन्यांवरून १९५५ मध्ये वर्णिलेला ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ (निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी) हा डोंगरातील झऱ्यांत राहणारा बेडूक फक्त पश्चिम घाटात सापडतो. उत्तर पश्चिम घाटातील बेडकांच्या पाहणीत त्याच्यासह तीन प्रदेशनिष्ठ जातींत कायट्रिड कवक आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतर दोन जातींत बाह्य लक्षणे नव्हती, पण या बेडकाच्या त्वचेवर व्रण, तपकिरी डाग व सालपटे दिसली. कवकाचा हा प्रकार आशियातील स्थानिक प्रकाराशी जवळचा निघाला, म्हणजे येथील बेडकांचा त्याच्याशी जुना परिचय असण्याचा संभव आहे. परंतु परदेशी प्राण्याबरोबर येणारा निराळा, अधिक मारक प्रकार येथे रुजला तर काय होईल, हे या परिचयावरून सांगता येत नाही. या कवकाची वाढ १७° ते २५° से. तापमानात उत्तम होते व सु. ३०° से.च्या वर ते टिकत नाही. सांगलीचा उन्हाळा ॲक्झोलॉटलला मारतो तसा या कवकालाही मारतो. महाबळेश्वर–कोयना परिसराचा पावसाळा मात्र दोघांनाही मानवणारा आहे. आणि कोयना टोड (झँथोफ्रायन कॉयनेन्सिस) हा १९६३ मध्ये वर्णिलेला, अल्पक्षेत्री भेक याच परिसरातला आहे.

उपाययोजना : आजारी प्राणी ताबडतोब वेगळ्या, झाकणास छिद्रे असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, क्लोरीनविरहित थंड पाण्यात ठेवावा आणि ते पाणी रोज संपूर्ण बदलावे. नव्या पाण्याचे तापमान जुन्याइतकेच असावे. मुख्य टाकीतील एक-चतुर्थांश पाणी रोज बदलावे. सगळे एकदम बदलून गाळणी नळाखाली धुतल्यास उपयुक्त सूक्ष्मजंतूही जातात व अमोनिया पुन्हा वाढतो. डबा अंधाऱ्या व शांत जागी ठेवावा. बळेच अन्न भरवू नये. पुष्ट प्रौढ ॲक्झोलॉटल दोन आठवडे उपाशी राहू शकतो. एवढ्यानेच बरेच आजार ओसरतात.

पांढऱ्या कवकवाढीवर लि.ला १० ते १५ ग्रॅ. आयोडीनविरहित मिठाच्या पाण्यात १० मिनिटे स्नान देण्याची पद्धत आहे. १५ मिनिटांहून अधिक वेळ कल्ल्यांस अपायकारक ठरतो. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात टाकल्यास त्यांतील टॅनिनामुळे त्वचेस आराम पडतो; हा उपाय सौम्य व निरुपद्रवी आहे, मात्र त्याने गंभीर रोग बरा होतो असे मानू नये. प्राणी फ्रिजमध्ये ५° ते ८° से. तापमानात ठेवण्याचा उपायही प्रचारात आहे. त्याने जंतूंची वाढ मंदावते, पण प्राण्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून तो करू नये. माशांसाठी मिळणारी तांबेयुक्त किंवा मॅलॅकाइट ग्रीन असलेली औषधे टाळावीत : माशाला चालणारी मात्रा उघड्या त्वचेतून उभयचराच्या अंगात कितीतरी अधिक भिनते. ‘लाल पाय’ रोगावर प्रतिजैव पदार्थ व कायट्रिडवर इट्राकोनॅझोलाचे सौम्य स्नान उपयोगी पडते, पण दोन्ही निदानानंतर व वजनानुसार. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गुरे व कोंबड्या यांच्या तुलनेत उभयचरांचे रुग्ण पशुवैद्याकडे विरळाच येतात. तेव्हा वजनाची नोंद, टाकीतील पाण्याचा स्वतंत्र नमुना आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे बरोबर नेल्यास निदानाचे निम्मे काम होते.

हे प्राणी निरोगी दिसत असतानाही त्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात पाळीव खुज्या बेडकांपासून अनेक राज्यांत याची लागण झाली व तीत मुलांचे प्रमाण मोठे होते. टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत व हात साबणाने धुवावेत; परत टाकीत घालण्यापूर्वी मात्र साबणाचा अंश राहू देऊ नये.

कायदा व विल्हेवाट : देशी बेडूक पकडून पाळणे वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येते. २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या परिशिष्टांतील परदेशी प्राणीही त्यात आले. ॲक्झोलॉटल १९७५ पासून त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याची नोंदणी पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे. कंटाळा आला किंवा प्राणी आजारी पडला म्हणून तो ओढ्यात सोडणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. शोभेसाठी आणलेला दक्षिण अमेरिकी सकर मासा भारतातील अनेक जलाशयांत याच मार्गाने पसरला.

टाकीतील पाणीही ओढा, विहीर किंवा भातखाचरात ओतू नये. कायट्रिडची बीजुके नळाच्या निर्जंतुक केलेल्या पाण्यात तीन आठवडे व तळ्याच्या पाण्यात सात आठवड्यांपर्यंत जिवंत राहिल्याची नोंद आहे. उलट त्यांना कोरडेपणा व उष्णता अजिबात सोसत नाही : ६०° से. तापमानात पाच मिनिटांत, किंवा पूर्ण वाळवल्यास तीन तासांत ती मरतात. म्हणून जाळी, खडे व डबे उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि सांडपाण्यात विरंजक चूर्ण मिसळून ते तासाभराने शौचकूपात टाकावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहराचा मोठा भाग कृष्णेच्या पुराखाली गेला होता. नदीकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी पुराचा इशारा मिळताच घरातील इतर सामानाबरोबर टाकीही वरच्या मजल्यावर हलवावी. मेलेला प्राणी तपासणीसाठी न्यायचा असल्यास गोठवू नये. तो पिशवीत घालून बर्फाशेजारी ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. ते शक्य नसल्यास मागच्या पायाचा पंजा ७० टक्के अल्कोहॉलात ठेवावा, त्यावरून कायट्रिडची चाचणी होऊ शकते.